सर्व्हरमधला नेमका कोणता पार्ट गेलाय, ते कसं शोधायचं

अंबड एमआयडीसीतल्या एका फॅक्टरीत मला बोलावलं तेव्हा तिथल्या सर्व्हरची रॅम आधीच बदलून झाली होती, मग एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलला होता, मग दोन्ही हार्डडिस्क नव्या टाकल्या होत्या, आणि एवढं सगळं करूनही रोज जेवणाची सुट्टी संपली की दोनच्या आसपास ईआरपी, म्हणजे बिलिंग-स्टॉकचं सॉफ्टवेअर, दोन-तीन मिनिटं अडकायचाच. बिलिंगच्या ताई वैतागलेल्या, गेटवर गाड्या उभ्या, चलन निघत नाही. मालक म्हणाले, "साहेब, आता फक्त मदरबोर्ड राहिलाय, तोही बदलून टाकू का?" मी म्हटलं दादा थांबा, एक दिवस मला नुसतं बघू द्या.

त्या सर्व्हरचं काय निघालं ते थोडं पुढे सांगतो. नाशकात असे एक-दोन सर्व्हरवाले सेटअप खूप आहेत, सातपूर-अंबडचे कारखाने, निफाड-दिंडोरीकडची द्राक्षाची पॅकहाऊसं, हॉस्पिटलं, पतसंस्था, आणि बहुतेक ठिकाणी पूर्णवेळ आयटीचा माणूस नसतो, अकाउंटवाला नाहीतर इलेक्ट्रिशियनच सगळं बघतो. त्यांच्यासाठीच हे लिहितोय. पार्ट गेला की दोन प्रश्न असतात, एक म्हणजे कोणता पार्ट गेलाय, आणि दुसरा म्हणजे तो पार्ट त्या डब्यात, त्या रॅकमध्ये नक्की कुठे बसलाय. पहिल्या प्रश्नावर सगळे डोकं लावतात, दुसरा अंदाजाने उरकतात, आणि मोठं नुकसान बहुतेक वेळा दुसऱ्यातच होतं.

आधी वही घ्या, स्क्रू ड्रायव्हर नंतर

किती वाजता झालं, किती वेळ टिकलं, कुणाकुणाला त्रास झाला आणि कुणाला झाला नाही, एवढं चार दिवस लिहून ठेवा. "सारखं बंद पडतं" याच्यावरून काहीच कळत नाही, पण "मंगळवारी २.०४, बुधवारी २.०२, गुरुवारी सुट्टी होती तेव्हा काही नाही" यावरून जवळजवळ सगळं कळतं. आणि कुणाला त्रास झाला नाही हे विचारायला विसरू नका, कारण डिस्पॅचचे तीन पीसी अडकले आणि स्टोअरचा एक चालू राहिला तर त्या चौघांची वायर कुठे वेगळी होते तिथेच तुमचं उत्तर असण्याची शक्यता जास्त.

मग पहिला फाटा काढायचा, दोष सर्व्हरच्या डब्यात आहे का डब्याच्या बाहेर. लोक सर्व्हर "बंद" झाला म्हणतात तेव्हा त्यांना एवढंच म्हणायचं असतं की माझ्या पीसीवर दिसत नाही. म्हणून त्या वेळेला कुणीतरी सर्व्हरच्या स्वतःच्या स्क्रीनसमोर उभं पाहिजे. तिथे माऊस हलतोय, प्रोग्राम उघडतोय, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे आणि रस्ता बंद आहे. तिथेही सगळं गोठलंय, तर मग डब्यात बघायचं.

अंबडला मी हेच केलं. लॅपटॉपवर तीन खिडक्या उघडून तीन पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का हे सारखं विचारणारी कमांड) चालू ठेवले, एक सर्व्हरला, एक त्याच नेटवर्क स्विचवरच्या, म्हणजे सगळ्या लॅन वायरी जोडतात त्या डब्यावरच्या, शेजारच्या पीसीला, आणि एक थेट स्विचच्या स्वतःच्या पत्त्याला, म्हणजे मॅनेजमेंट आयपीला. दोन वाजून चार मिनिटांनी तिन्ही एकदम थांबले, आणि सर्व्हरची स्क्रीन मात्र मस्त चालू होती, त्याच्या लॉगमध्ये फक्त लिंक डाऊन आणि दीड मिनिटाने लिंक अप अशा दोन ओळी. पिंग परत आल्यावर स्विचमध्ये लॉगिन करून अपटाईम, म्हणजे तो चालू होऊन किती वेळ झाला ते, बघितला तर जेमतेम दोन मिनिटं. म्हणजे स्विच रीस्टार्ट झाला होता! दोन वाजता सुट्टी संपते, मोठा कंप्रेसर चालू होतो, क्षणभर व्होल्टेज खाली येतं. पण शेजारच्या शेडमध्ये त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा, त्याच लाईनवरचा दुसरा स्विच होता आणि तो काही रीस्टार्ट होत नव्हता. मग मी एकच गोष्ट केली, दोन्ही स्विचचे १२ व्होल्टचे ॲडॅप्टर अदलाबदल केले. दुसऱ्या दिवशी दोन वाजता शेजारच्या शेडचा स्विच पडला. दोष ॲडॅप्टरबरोबर गेला, म्हणजे ॲडॅप्टरच खराब. आतले कपॅसिटर म्हातारे झाले की क्षणभराचा झटकाही त्यांना सांभाळता येत नाही. एम.जी. रोडवरून नवीन ॲडॅप्टर आणला, आणि दोन्ही स्विच यूपीएसवर घेतले, ते तर पहिल्या दिवसापासूनच घ्यायला हवे होते.

ही अदलाबदलीची पद्धत सगळ्या पार्टला लागू पडते. संशयित पार्ट आणि चांगला पार्ट यांची जागा बदला, दोष पार्टबरोबर गेला तर पार्ट खराब, जागेवरच राहिला तर जागा खराब, म्हणजे स्लॉट, पोर्ट, केबल, बोर्ड यातलं काहीतरी. अट एकच, एका वेळी एकच बदल. घाईत रॅम पण काढून बसवली, केबल पण नवी लावली, फर्मवेअर पण टाकून दिला, आणि सर्व्हर चालू झाला, तर कशामुळे झाला हे कधीच कळणार नाही आणि महिन्याभराने परत तिथेच येऊन उभे राहाल.

डबा न उघडता काय काय कळतं

सर्व्हर क्लास मशीन असेल तर त्यात बीएमसी नावाचा एक छोटा वेगळा कॉम्प्युटर असतो, डेलमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीमध्ये आयएलओ. मुख्य मशीन बंद असलं तरी हा जागा असतो, फक्त प्लगमध्ये करंट पाहिजे. याच्यात सिस्टीम इव्हेंट लॉग असतो आणि कोणत्या डिमला (रॅमच्या पट्टीला) एरर आला, कोणता पंखा थांबला, कोणत्या पॉवर सप्लायचा इनपुट गेला हे सगळं वेळेसकट लिहिलेलं असतं. लिनक्सवर आयपीएमआयटूल (बीएमसीशी बोलणारी कमांड) ला एसईएल ईलिस्ट दिलं की यादी येते, नाहीतर ब्राउझरमधून बघा. ज्यांनी बीएमसीच्या पोर्टला आजवर वायरच लावलेली नाही त्यांनी हे वाचून झालं की लावून घ्या, आणि डिफॉल्ट पासवर्ड बदला, आणि ते पोर्ट इंटरनेटला उघडं ठेवू नका.

इथे एक गफलत फार होते. बीएमसीचं घड्याळ बरेचदा यूटीसीवर (जागतिक वेळेवर) असतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. लॉगमध्ये सकाळी ८.३४ दिसतंय म्हणून लोक म्हणतात की तेव्हा तर काहीच झालं नव्हतं, अहो ते आपले दुपारचे २.०४ आहेत. आधी बीएमसीची आत्ताची वेळ आणि तुमच्या मोबाईलची वेळ शेजारी ठेवून फरक काढा, मग लॉग वाचा. आणि हा लॉग छोटा असतो, भरला की बऱ्याच मशीनमध्ये नवीन नोंदी घेणंच बंद होतं, म्हणून शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची दिसली तर सगळं चांगलं चाललंय असं समजू नका. कॉपी काढून सेव्ह करा आणि लॉग रिकामा करा.

विंडोज सर्व्हर असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉग उघडून तिथे व्हीया-लॉगर (WHEA-Logger) नावाने आलेल्या नोंदी शोधा, त्या हार्डवेअरच्या तक्रारी असतात. डिस्कच्या बाबतीत इव्हेंट ७ म्हणजे बॅड ब्लॉक, आणि १५३ म्हणजे वाचायला-लिहायला सांगितलं ते पहिल्या फटक्यात झालं नाही, परत करावं लागलं. १५३ एखाददुसरा आला तर नोंद ठेवा, रोज यायला लागला तर त्याच आठवड्यात हात घाला.

रॅम

सर्व्हरच्या रॅमला ईसीसी असतं, डीडीआर-४ मध्ये दर ६४ बिटांमागे ८ बिट तपासणीसाठी जास्तीचे, त्यामुळे एका बिटाची चूक ती स्वतःच दुरुस्त करते आणि दोन बिटांची चूक ओळखते पण दुरुस्त करू शकत नाही. पहिलीला करेक्टेबल म्हणतात, दुसरीला अनकरेक्टेबल, आणि दुसरी आली की मशीन बहुतेक वेळा सरळ थांबतं, कारण चुकीचा आकडा बँकेच्या खात्यात लिहिण्यापेक्षा थांबलेलं बरं. करेक्टेबल एरर कधीतरी एखादा येणं चालतं, पण एकाच डिमवर मोजणी चढत चालली असेल तर ती डिम जाणार आहे असं धरा.

लिनक्समध्ये कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ईडॅक (EDAC) शब्द शोधा, तिथे कंट्रोलर, चॅनेल आणि स्लॉट दिसतो. अडचण अशी की कर्नल म्हणतो "चॅनेल १, स्लॉट ०" आणि बोर्डावर छापलेलं असतं "बी १". हे जुळवायचं कसं? डीमायडीकोड या कमांडला मेमरीचा तक्ता मागा, त्यात प्रत्येक डिमचं बोर्डावरचं नाव आणि सिरीयल नंबर दोन्ही येतं. आणि सर्व्हरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बहुतेक वेळा नकाशा चिकटवलेला असतो, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. डिम काढल्यावर तिच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर लॉगमधल्याशी जुळतोय का ते बघा आणि मगच पुढे जा.

मग अदलाबदल, म्हणजे संशयित डिम दुसऱ्या चॅनेलमध्ये आणि तिथली इकडे. एरर डिमबरोबर गेला तर डिम बदला. तिथेच राहिला तर स्लॉटमध्ये धूळ आहे का, आणि तिथेही काही नसेल तर त्या प्रोसेसरच्या सॉकेटची एखादी पिन वाकलीये का, कारण मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरमध्येच असतो आणि प्रोसेसर नीट बसला नसेल तरी एक अख्खा चॅनेल रुसतो. मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामवर एकट्यावर विसंबू नका, ईसीसीने दुरुस्त केलेली चूक त्याला दिसेलच असं नाही, टेस्ट रात्रभर हिरवी आणि सकाळी लॉगमध्ये चाळीस एरर असं होऊ शकतं.

हार्डडिस्क, इथे सगळ्यात जास्त सावध

निफाडकडच्या एका पॅकहाऊसमध्ये भर फेब्रुवारीत, म्हणजे एक्स्पोर्टचा सीझन जोरात असताना, चार डिस्कच्या रेड-५ मधली, म्हणजे डेटा सगळ्या डिस्कवर वाटून ठेवणाऱ्या जोडणीतली, एक डिस्क गेली. त्यांच्या माणसाने स्क्रीनवर "डिस्क २" वाचलं आणि डावीकडून दुसरी ओढली. पण मोजणी शून्यापासून होती, त्यामुळे खराब होती ती तिसरी. रेड-५ एकच डिस्क गेलेली सहन करतं, चांगली दुसरी पण निघाली म्हटल्यावर अख्खा व्हॉल्यूम गेला. नशीब की मधे काही लिहिलं गेलं नव्हतं आणि डेटा परत मिळाला, पण ते सहा तास त्या पोरांनी कसे काढले ते मी बघितलंय, मजूर बसून, कंटेनर उभा, आणि एकही पॅलेटचं लेबल निघत नाही.

म्हणून डिस्क ओळखायची ती सिरीयल नंबरावरून, क्रमांकावरून नाही, आणि लिनक्स देतं त्या एसडीए-एसडीबी या नावांवरून तर अजिबातच नाही, कारण ती नावं रीबूट झाल्यावर बदलू शकतात. स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या कमांडने खराब डिस्कचा सिरीयल नंबर काढा, कागदावर लिहा. रेड कार्डाच्या मागे असलेल्या डिस्कला साधं स्मार्टसीटीएल पोचत नाही, त्याला कार्डाचा प्रकार आणि डिस्कचा आकडा सांगावा लागतो, नाहीतर कार्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर वापरा.

मग ती डिस्क कुठल्या खणात आहे ते लाईट लावून बघायचं. लिनक्सवर लेडसीटीएल या कमांडला लोकेट आणि डिस्कचं नाव दिलं की त्या खणाचा दिवा लुकलुकतो, विंडोजवर पॉवरशेलमध्ये इनेबल-फिजिकलडिस्कआयडेंटिफिकेशन हे काम करतं, आणि रेड कार्डांच्या मेनूत ब्लिंक किंवा लोकेट असतंच. यातलं काहीच चालत नसेल तर उलटी युक्ती, त्या डिस्कवरून सलग वाचन सुरू करा म्हणजे तिचा ॲक्टिव्हिटी दिवा सतत चमकेल, वाचन थांबवलं की थांबेल, असं दोन-तीनदा करून खात्री करा. हे डीडी या डिस्क कॉपी करणाऱ्या कमांडने करतात, पण डीडी मध्ये कुठून आणि कुठे यांची अदलाबदल झाली तर डिस्क पुसली जाते, तेव्हा हात बसलेला नसेल तर डीडी च्या नादाला लागू नका. डिस्क अगदीच मेली असेल आणि वाचनच होत नसेल तर बाकीच्या सगळ्यांचे दिवे लावा आणि जिचा लागत नाही ती तुमची. डिस्क बाहेर काढल्यावरही आधी स्टिकरवरचा नंबर कागदाशी जुळवा. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी बॅकअप, पूर्ण आणि दुसऱ्या मशीनवर, कारण नवीन डिस्क घालून रीबिल्ड सुरू झालं की उरलेल्या जुन्या डिस्कांवर तासन्‌तास ताण येतो आणि त्यातली एखादी त्याच वेळी जाऊ शकते.

आता डिस्क खरंच खराब आहे का हे बघताना स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींतले, चार आकडे बघा. ५ नंबरचा रीअलोकेटेड सेक्टर, १९७ चा पेंडिंग, १९८ चा अनकरेक्टेबल, हे वाढत असतील तर डिस्कच जातेय. पण १९९, म्हणजे सीआरसी एरर (वाटेत डेटा बिघडल्याची मोजणी), वाढत असेल आणि बाकीचे तीन शून्य असतील तर डिस्क चांगली आहे आणि केबल नाहीतर बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात तो बोर्ड) खराब आहे. हा एक आकडा न बघता किती चांगल्या डिस्क भंगारात गेल्यात ते बघून मला खरंच वाईट वाटतं. १९९ चा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून आज किती आहे ते लिहा, केबल बदला, दोन दिवसांनी परत बघा, थांबला असेल तर काम झालं.

केबल, पोर्ट, नेटवर्क कार्ड

कॉपीला वेळ लागतोय अशी तक्रार आली की पहिलं काम, इथटूल या लिनक्सच्या नेटवर्क कार्ड तपासणाऱ्या कमांडने लिंकचा स्पीड बघा. १००० च्या जागी १०० दिसतंय? गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. त्यामुळे उरलेल्या चारातली एखादी तार तुटली किंवा क्रिम्पिंग ढिलं असलं तर लिंक बऱ्याचदा १०० वर उतरून चालू राहते, दिवा लागतो, सगळं ठीक वाटतं, आणि सर्व्हर स्लो झालाय म्हणून रॅम वाढवायचं कोटेशन निघतं. उंदराने कुरतडलेली केबल, टेबलाच्या पायाखाली दबलेली पॅच कॉर्ड, हातोडीने ठोकलेली क्लिप, ही सगळी कारणं मी इथेच नाशकात बघितलीयेत.

स्पीड बरोबर आहे पण अडकतंय, तर सीआरसीची मोजणी बघा, सर्व्हरच्या कार्डावर पण आणि स्विचच्या पोर्टवर पण. सीआरसी एरर ऐकणाऱ्याच्या बाजूला मोजला जातो. स्विचच्या पोर्टवर वाढतोय तर सर्व्हरकडून स्विचकडे जाणारा मार्ग दूषित आहे, सर्व्हरच्या कार्डावर वाढतोय तर उलटा. एक अपवाद सांगून ठेवतो, काही वेगवान स्विच पूर्ण पॅकेट तपासायच्या आधीच पुढे ढकलतात, कट-थ्रू म्हणतात त्याला, तिथे खराब पॅकेट तीन स्विच ओलांडून येतं आणि भलत्याच पोर्टवर एरर दिसतो, मग मागे मागे जात पहिला एरर कुठे दिसतो ते शोधावं लागतं.

सर्व्हरच्या मागे चार सारखी पोर्टं असतात आणि सॉफ्टवेअरमधलं नाव त्यातल्या कुठल्या भोकाचं ते कळत नाही. इथटूल ला हायफन पी आणि पोर्टचं नाव द्या, त्या पोर्टचा दिवा लुकलुकायला लागतो, काही कार्डांत ही सोय नसते पण बहुतेकांत असते. पलीकडे स्विचचं कुठलं पोर्ट आहे ते एलएलडीपी (मशीनं एकमेकांना आपली ओळख सांगतात ती सोय) चालू असेल तर एका कमांडमध्ये कळतं, नसेल तर स्विचच्या मॅक टेबलमध्ये सर्व्हरच्या कार्डाचा मॅक, म्हणजे कार्डाचा स्वतःचा पत्ता, शोधा. पॅच पॅनेलवर चिकटवलेल्या लेबलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, लेबल लावल्यानंतर कुणीतरी घाईत वायर हलवलेली असते.

दोन पोर्टं बाँड केलेली, म्हणजे एकत्र जोडून एकासारखी वापरलेली, असतील तर आणखी एक सापळा, एक पोर्ट मेलेलं असलं तरी काम चालू राहतं आणि महिनोन्‌महिने कुणाला कळत नाही. लिनक्समध्ये बाँडिंगच्या फाईलमध्ये प्रत्येक पोर्टचा लिंक फेल्युअर काऊंट असतो, महिन्यातून एकदा तरी बघा.

फायबर असेल तर ती ज्यात खोचतात तो एसएफपी मॉड्यूल किती उजेड पाठवतोय आणि किती घेतोय हे डीबीएम या मापात सांगतो. आत येणारा उजेड उणे ४० दिसला तर उजेड येतच नाहीये, फायबर तुटलीये, निघालीये, नाहीतर पाठवणं-घेणं उलटसुलट लागलंय. आकडा आहे पण पूर्वीपेक्षा घसरलाय तर आधी टोक साफ करा, फायबरच्या क्लीनरने, शर्टाने नको. आणि टोकात डोळा लावून बघायचं नाही, लेसर दिसत नसला तरी डोळ्याला लागतो.

इगतपुरीकडे, त्र्यंबककडे पावसात एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये उघड्यावरून नेलेली तांब्याची लॅन केबल असेल तर पोर्ट जळण्याचं कारण तिथेच शोधा. जवळपास वीज पडली की त्या केबलवर सर्ज येतो, शिवाय दोन शेडचं अर्थिंग वेगळं असतं, आणि मग स्विचचं एक पोर्ट आणि सर्व्हरचं कार्ड एकाच रात्री जातात. नुसतं कार्ड बदलून पुढच्या जूनमध्ये परत तेच होणार. शेड ते शेड फायबर टाका, काचेतून करंट जात नाही.

वीज आणि उष्णता

दोन पॉवर सप्लाय असलेल्या सर्व्हरमध्ये एक जाऊन बसलेला असतो आणि मागचा केशरी दिवा कुणी बघितलेला नसतो, कारण मागे जायला जागाच ठेवलेली नसते. बीएमसीमध्ये सेन्सरच्या यादीत १२ व्होल्टची लाईन बघा, ११.४ ते १२.६ च्या बाहेर जात असेल तर सप्लायवर संशय घ्या. एकेक सप्लाय काढून दुसऱ्या एकट्यावर सर्व्हर चालतो का ते सुट्टीच्या दिवशी, बॅकअप घेऊन, करून बघा. दोन्ही सप्लाय एकाच यूपीएसच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेले असतील तर दोन असण्याचा फायदा अर्धाच मिळतो.

सप्लाय बदलूनही रात्री-अपरात्री रीस्टार्ट होतंय तर इलेक्ट्रिशियनला बोलावून प्लगवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. एक-दोन व्होल्ट ठीक, पण दहा-पंधरा दाखवत असेल तर अर्थिंगचा खड्डा नाहीतर न्यूट्रलचा जॉईंट गेलाय, एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की अर्थिंग हमखास बिघडतं. यूपीएसची बॅटरी चार्ज दाखवते आणि लोड आला की बसते, म्हणून मेन स्विच पाडून खरा लोड टाकूनच बघायचं.

उष्णतेचं ओळखणं सोपं, त्रास दुपारी, सकाळी काही नाही, आणि बीएमसीत तापमानाचा आणि पंख्याच्या आरपीएमचा आकडा समोर असतो. लासलगाव-पिंपळगावच्या कांद्याच्या आडतीत सर्व्हर असेल तर टरफलांचा बारीक भुसा हीटसिंकमध्ये फेल्टसारखा थर करून बसतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सोडून भरधाव फिरवलं तर बेअरिंग जातं.

काहीच सापडत नसेल, मशीन उठतच नसेल

मग कमीत कमीवर या. सगळी कार्डं, डिस्का, जास्तीच्या डिम काढा आणि एक प्रोसेसर, एक डिम, एक सप्लाय एवढ्यावर चालू करा, मॅन्युअलमध्ये एकट्या डिमसाठी सांगितलेल्या स्लॉटमध्येच ती डिम पाहिजे. उठलं तर एकेक पार्ट परत घालत जा आणि प्रत्येक वेळी चालू करून बघा, ज्याच्यावर अडकेल तो. एवढ्यावरही उठलं नाही तर डिम बदलून बघा, सप्लाय बदलून बघा, आणि मग मदरबोर्ड किंवा प्रोसेसर. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेत का ते टॉर्च मारून बघा. आणि बंद करून चालू केल्यावर दरवेळी तारीख चुकत असेल तर ती फक्त सीआर २०३२ ची ३ व्होल्टची बटण बॅटरी आहे, तेवढ्यासाठी बोर्ड बदलू नका. उघडायच्या आधी प्लग काढा, आणि हाताला अँटीस्टॅटिक पट्टा लावा, नसेल तर निदान सारखा सर्व्हरच्या उघड्या धातूला हात लावत राहा.

रॅकमध्ये पाच सारखे दिसणारे सर्व्हर असतील तर मागे जायच्या आधी समोरचं निळ्या दिव्याचं बटण दाबा, मागेही तोच दिवा लागतो. लांबून करायचं असेल तर आयपीएमआयटूल ला चॅसिस आयडेंटिफाय द्या, पण तो नुसता १५ सेकंद लागतो, तुम्ही वळसा घालून मागे पोचेपर्यंत विझलेला असेल, म्हणून पुढे फोर्स लिहा म्हणजे तुम्ही बंद करेपर्यंत राहील. फोनवरून कुणाला सांगताय तर "वरून तिसरा" म्हणू नका, "निळा लुकलुकतोय तो" म्हणा, आणि वायर काढायच्या आधी त्याच्याकडून सिरीयल नंबर वाचून घ्या.

पार्ट बदलून झाला की जुन्या पार्टवर मार्करने तारीख आणि काय दोष होता ते लिहा आणि वेगळ्या खोक्यात ठेवा, टेबलावर सोडलात तर सहा महिन्यांनी कुणीतरी चांगला समजून परत बसवतो. बीएमसीचा लॉग साफ करा, सगळे काऊंटर आज किती आहेत ते वहीत लिहा, आणि जी वेळ वाईट होती त्या वेळेला आणखी चार दिवस तिथे हजर राहा. अंबडला मी नवीन ॲडॅप्टर लावल्यावर चार दिवस रोज पावणेदोनला जाऊन बसायचो. चौथ्या दिवशी कंप्रेसर चालू झाला, पिंग तसाच चालत राहिला, आणि बिलिंगच्या ताईंनी वर न बघता पुढचं चलन काढलं.